अक्षरांवरचा बर्फ

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'ब्रिटिश बालसाप्ताहिकांचे नाताळ अंक आणि मराठी दिवाळी अंक : एक तुलना'. तो मी दिलेला नाही. फोनवर मी एवढंच म्हणालो होतो, की 'बीनो' या ब्रिटिश पोरांच्या चित्रसाप्ताहिकाच्या नाताळ अंकांवर थोडं बोलीन. चिटणीसांना ते फारच हलकं वाटलं असणार. असो. तुलना शेवटी करतो. पंचेचाळीस मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली.

'डँडी' १९३७ च्या डिसेंबरातला, 'बीनो' १९३८ च्या जुलैमधला, दोन्ही डंडी गावच्या डी. सी. थॉमसन कंपनीचे, दोन्हींची किंमत तेव्हा दोन पेनी, हे तुम्हाला सांगायला नको. ज्यांना सांगायला हवं ते रविवारी सकाळी पोहे सोडून इथे आलेच नसते. तेव्हा मी थेट माझ्या दुःखाकडे येतो. आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांनी ते ऐकलंय, त्यांनी तेवढ्यात चहा घेऊन यावा.

मी १९८३ ते ८७ नोकरीनिमित्त लेस्टरला होतो. तिथे शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जुन्यापान्या वस्तूंची विक्री असायची. म्हाताऱ्या बायका टेबलं मांडून बसायच्या आणि घरातलं नको असलेलं सगळं त्यावर यायचं : किटल्या, विणलेले मोजे, नवऱ्याचे बूट. टेबलाखालच्या खोक्यात बहुतेक कॉमिक्स. लोक वरचं बघायचे, मी खालचं. चार वर्षांत मी 'बीनो'चे चौदा नाताळ अंक जमवले, १९५८ ते १९७४ मधले, मधली काही वर्षं गाळलेली. परतीच्या सामानात ते माझ्या सुटांच्या मधे घालून आणले. सूट चुरगळले, अंक नाही.

इथे आल्यावर दोन वर्षं ते कपाटात होते. पिना गंजायला लागल्या. आपल्या हवेत पिनेचा गंज आधी मधलं पान खातो, मग मुखपृष्ठाकडे जातो. सौभाग्यवती म्हणाल्या, "या रद्दीचं काहीतरी करा, नाहीतर मी करते." मी घाबरून ते बाइंडरकडे नेले. नाव सांगत नाही. पेठेतले जुने, हात चांगला, प्रबंध आणि वकिलांची दफ्तरं बांधायचे. मी सांगितलं, पिना काढा, दोऱ्याची शिलाई घाला, वर लाल रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं. सगळं सांगितलं. एकच सांगायचं राहिलं.

आठ दिवसांनी खंड हातात आला. देखणा! लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं, कडा अशा की बोट फिरवावं. उघडला. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ बघतोय आणि कळेना काय चुकलंय. माणसानं मिशी काढली की होतं ना, तसं. मग लक्षात आलं. बर्फ नव्हता.

तुम्हाला ठाऊकच आहे, नाताळच्या अंकात नावाच्या अक्षरांवर बर्फ साचलेला असतो. 'बी'च्या खांद्यावर, 'ओ'च्या डोक्यावर पांढरे गुबगुबीत थर. तो सगळा त्या गृहस्थांच्या कटिंग मशीनखाली गेला होता. चौदाच्या चौदा. मी म्हटलं, "अहो, वरचं काय केलंत?" ते अगदी समाधानानं म्हणाले, "साहेब, वर पांढरी कड वेडीवाकडी आली होती. छपाईचा दोष. मी सरळ करून दिली. त्याचे वेगळे पैसे नाही लावले." (हशा)

हसा. पस्तीस वर्षं लोक हसतायत. पण बर्फ गेला म्हणजे पुरावाच गेला, आणि तो कशाचा ते सांगतो, कारण संग्राहकांमधला सगळ्यात जुना वाद याच बर्फापाशी येऊन थांबतो : नाताळचा अंक म्हणायचं कशाला?

तुम्ही म्हणाल, पंचवीस डिसेंबरचा तो. तसं नाही. 'बीनो'वर तारीख असायची शनिवारची आणि अंक दुकानात यायचा दोन दिवस आधी, गुरुवारी. १९७१ साली पंचवीस तारीख शनिवारीच आली, प्रश्न नाही. पण १९६९ घ्या. नाताळच गुरुवारी. त्या आठवड्याच्या अंकावर शनिवारची तारीख येते सत्तावीस. सत्तावीस तारखेला नाताळ उरकलेला, टर्कीची हाडं कुत्र्यापुढे. आधीचा शनिवार वीस. मग नाताळचा अंक वीसचा की सत्तावीसचा? यावर माणसं पत्रं लिहितात, भांडतात, एकमेकांकडे चहाला जाणं सोडतात. आणि लढाईच्या काळात तर आणखी गोंधळ. १९४१ पासून १९४९ पर्यंत कागदाच्या टंचाईमुळे 'बीनो' आणि 'डँडी' पाळीपाळीनं निघायचे, एका आठवड्यात हा, दुसऱ्यात तो. नॉर्वे जर्मनांच्या हातात गेलं आणि तिकडून येणारा लगदा आटला, त्याचा हा परिणाम. मग ऐन नाताळच्या आठवड्यात ज्याची पाळी नसेल त्यानं काय करायचं? आधीच्या आठवड्यात नाताळ उरकायचा. आपल्याकडे नाही का, मुलगा अमेरिकेहून लवकर परत जाणार असला की लक्ष्मीपूजन आधीच करून टाकतात, तसं.

म्हणून जाणते लोक सांगतात, तारीख बघूच नका. अक्षरांवर बर्फ आहे का, ते बघा.

आणि हा बर्फ खोटा असतो बरं का. लेस्टरला चार नाताळ काढले, एकदाही पंचवीस तारखेला बर्फ नाही. पाऊस. बारीक, चिवट, मुंबईच्या जुलैचा गरीब चुलतभाऊ असावा तसा. इंग्लंडच्या दक्षिणेत बर्फाचा नाताळ दुर्मीळच. तिथले जाणकार म्हणतात, ही बर्फाची हौस डिकन्सच्या बालपणातली. त्याचा जन्म १८१२ चा आणि ते दशक विलक्षण थंड होतं. म्हणजे एका माणसाच्या लहानपणचं हवामान दीडशे वर्षं कॉमिक्सच्या डोक्यावर पडत राहिलं!

त्याहून गमतीची गोष्ट डंडीची. डंडी गाव स्कॉटलंडमध्ये. तिथल्या धंद्यांची ओळख तीन ज-मध्ये सांगतात : जूट, जॅम आणि जर्नालिझम. जूट कुठलं? आपल्या बंगालचं. कच्चा ताग इथून जायचा, तिथल्या गिरण्यांत त्याची पोती व्हायची. ते असो. मुद्दा असा की स्कॉटलंडात धर्मसुधारणेनंतर तिथल्या चर्चनं नाताळ मोडूनच काढला होता. पोपची थेरं म्हणून. १९५८ पर्यंत तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टीसुद्धा नव्हती. त्यांचा खरा सण वर्षअखेरचा, हॉगमनेचा. म्हणजे माझ्या खंडातला पहिला अंक ज्या वर्षाचा, त्या वर्षापर्यंत पंचवीस डिसेंबर हा डंडीत कामाचा दिवस होता. आणि अख्ख्या इंग्लंडच्या पोरांना नाताळ कसा दिसतो ते शिकवत होते कोण? तर हेच लोक. हॉली लावलेली पुडिंगं, टर्की, लाल टोप्या, सगळं त्यांनी काढलं, तेही काही आठवडे आधी, म्हणजे बाहेर पानगळ चालू असताना. ज्यांच्या घरी गणपती बसत नाही तो मूर्तिकार सगळ्या गावाला गणपती पुरवतो, तसला प्रकार.

(चिटणीस हात दाखवतायत. पाच? पंधरा? बरं, पंधरा.)

मग जेवणाकडे वळतो. 'बीनो' या शब्दाचा अर्थच इंग्रजी बोलीत मेजवानी. नाताळ अंकातल्या शेवटच्या चौकटीत काय असतं? टेबल. त्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर आणि त्यात चारी बाजूंनी खोचलेली सॉसेजेस, साळिंदरासारखी. ही थाळी 'बीनो'ची एकट्याची नाही. 'फिल्म फन'सारख्या अंकांतही ती होती, तिथे सिनेमातले विनोदवीर लॉरेल आणि हार्डीसुद्धा तिच्यावर ताव मारायचे. 'डँडी'त डेस्परेट डॅन या दांडगट काउबॉयची 'काऊ पाय', म्हणजे अख्खी गाय भरलेली पेस्ट्री, शिंगं बाहेर आलेली. आता हे कोणासाठी काढत होते ते बघा. इंग्लंडात रेशनिंग १९४० च्या जानेवारीत सुरू झालं आणि १९५४ च्या जुलैत संपलं. गोळ्या-चॉकलेटं १९४२ पासून रेशनवर, ती सुटली १९५३ च्या फेब्रुवारीत. 'बीनो'तलं व्रात्य पोरगं डेनिस द मेनेस जन्मलं १९५१ मध्ये, म्हणजे ते जन्मलं तेव्हा त्याच्या वाचकाला गोळ्यासुद्धा कुपनावर मिळायच्या. बटाटा मात्र लढाईच्या काळात रेशनबाहेर होता. सॉसेजही रेशनवर नव्हतं, मिळालं तर त्यात पावच जास्त असायचा. तेव्हा तो बटाट्याचा डोंगर म्हणजे परीकथा नव्हे. शेजारच्या घरी असेल, आपल्याकडे नाही, इतपत जवळचं स्वप्न. कंपनीचा चित्रकार डडली वॉटकिन्स हे काढायचा तेव्हा वाफसुद्धा अशी काढायचा की वास यावा. कंपनी चित्रकारांची नावं छापत नसे, सही करायची मुभा त्याच्यासारख्या एखाद्यालाच. बाकीच्यांचे हात आपण रेषेवरून ओळखतो. एक गृहस्थ नुसत्या नाकावरून सांगतात, हा पहिला चित्रकार डेव्हिड लॉचा डेनिस, हा नंतरच्याचा. आमच्याकडे एक मामी पोळीच्या कडेवरून सांगायच्या ती कोणत्या सुनेनं लाटली.

(चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं. बाहेर भरतनाट्यमचा वर्ग थांबला आहे.' घुंगरं मलाही ऐकू येतायत.)

तर तुलना. घाईनं सांगतो, पण मला खरं हेच सांगायचं होतं.

दिवाळी अंकाची सुरुवात आपण १९०९ ची धरतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांचं 'मासिक मनोरंजन'. नमुना समोर होता इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा. ते अंक जाडजूड, चित्रांनी भरलेले, एरवीपेक्षा महाग, वर्षातून एकदा बैठक मारून वाचायचे. आपण ते घेतलं आणि त्यांच्यापेक्षा मोठं केलं, त्याबद्दल वाद नाही.

पण पोरांच्या बाबतीत इंग्रजांकडे नाताळची दोन भावंडं झाली. एक जाड : पुठ्ठ्याचं वार्षिक पुस्तक. 'डँडी'चं १९३८ पासून, 'बीनो'चं १९३९ पासून. ते आजी-आजोबांनी विकत घ्यायचं आणि मोज्यात घालायचं. दुसरं बारीक : तोच साप्ताहिक अंक. माझ्या खंडातल्या वर्षांत पानं नेहमीचीच, पात्रं नेहमीचीच. जास्तीचा फक्त बर्फ आणि जेवण. आपण मुलांसाठीसुद्धा जाड भावंडच उचललं. बारकं राहून गेलं, आणि माझं प्रेम बारक्यावर आहे.

का ते बघा. डेनिसची गोष्ट वर्षभर कशी संपते? बापाच्या सपातेच्या मारानं. 'बीनो'तल्याच मिनी द मिंक्स आणि रॉजर द डॉजर या व्रात्य पोरांची तशीच. आठवड्यामागून आठवडे शेवटच्या चौकटीत सपाता, आणि नाताळात एकदा त्याच जागी टर्की. तोच बाप वाढतोय! पोरगं हसतं कारण त्यानं बाकीच्या सपाता पाहिलेल्या आहेत. नुसता नाताळचा अंक हातात दिला तर त्याला ते कुणाचं तरी जेवण वाटेल, एवढंच.

आपल्याकडे हे जमण्यासारखं होतं. 'किशोर' १९७१ पासून दर महिन्याला येतोय. 'चांदोबा' त्याच्या आधीपासून घराघरात होता. मी तर म्हणतो, विक्रम वर्षभर प्रेत खांद्यावर घेऊन चालायचा आणि वेताळ पुन्हा झाडाला लटकायचा. दिवाळीच्या अंकात तरी वेताळानं खाली उतरून, "राजन्, आज सण आहे, बस," म्हणून चकली पुढे करायला हवी होती. एका दिवाळीला! पुढच्या महिन्यात परत झाडावर.

उलट बाजूही आहे, ती कोणी विचारण्याआधी मीच सांगतो. बर्फवाला अंक आठवड्याचा अंक चालू आहे तोवरच. छापील 'डँडी' १९३७ च्या डिसेंबरात निघाला आणि २०१२ च्या डिसेंबरातच बंद पडला, नाताळच्या तोंडावर. जाड भावंड अंक नसतानाही निघू शकतं. म्हणजे व्यवहारात चिटणीसांचंच बरोबर असेल. बाकीचे दोन मुद्दे, जाहिराती आणि खेळण्यांचे, ते राहू द्या. उठतो.

खंड टेबलावर ठेवलाय. हात पुसून बघा, पोह्याचं तेल लागतं. त्यातला १९६९ चा कोणता, हे मला विचारू नका. बर्फाबरोबर वरच्या तारखाही गेल्या, वेगळे पैसे न लावता. शेवटच्या पानावर टर्की आहे की सपाता, तेवढं बघून अंक ओळखावा लागतो. कोणाला जमलं तर खाली चहा माझ्याकडून. आणि मागच्या वेळी खंड ज्यांच्या पिशवीत चुकून गेला होता, त्यांनी आज पिशवी दाराशी ठेवावी.