वेलीला वारा द्या

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, कोल्हापुरात द्राक्षावर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: उसाच्या मुलखात हे कशाला? ऊस आमच्याकडेही आजोबांपासून होता. शिरोळ तालुक्यातलं आमचं काळं रान पाणी पाजून पाजून क्षारपड झालं, वर मिठाची पांढरी फूट आली, तेव्हा कुठं आम्ही वरच्या अंगाच्या माळाकडं नीट बघितलं. दोन एकर, मुरमाड, उताराचं. घरात त्याला कुणी रान म्हणत नव्हतं.

आपल्या जिल्ह्याचा पाऊस बघा. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि शंभरएक किलोमीटर पूर्वेला, शिरोळात, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. म्हणून राधानगरी, पन्हाळ्याकडच्या मंडळींना मी स्पष्टच सांगतो, द्राक्ष लावू नका. विनाऔषधाची तर नाहीच नाही.

नैसर्गिक शेती म्हटलं की लोक लगेच जीवामृताचं प्रमाण विचारतात. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, तेवढंच गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. गूळ आपल्याच गुऱ्हाळाचा. जमिनीला ते मानवतं, पण केवडा, म्हणजे पानाच्या खालच्या अंगाला धरणारा बुरशीचा रोग, त्यानं थांबत नाही. पान ओलं राहिलं की केवडा येतो. पान लवकर वाळायचं असेल तर त्याचा निकाल लागणीच्या दिवशीच लागतो: ओळ कुठल्या दिशेला, दोन वेलींत अंतर किती, मांडव किती दाट.

आम्ही ते चुकलो. झाडं जास्त बसावीत म्हणून दाट लावली. २०१९ च्या ऑक्टोबरात फळछाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी, झाली आणि पाऊस थांबेचना. एका सकाळी आई बागेतून आली ती पदरात गळलेल्या कळ्या घेऊन. काही बोलली नाही, चुलीपुढं पदर झटकला. त्या उन्हाळ्यात आम्ही एक आड एक वेल काढली. फळाला आलेल्या वेलीच्या बुडावर कुऱ्हाड घालणं फार जड जातं. पण पुढच्या पावसाळ्यात मांडवाखाली ऊन-सावलीची जाळी पडलेली दिसली आणि सकाळी नऊलाच पानं कोरडी होती.

बोर्डो, म्हणजे मोरचूद या तांब्याच्या क्षाराचं आणि चुन्याचं बुरशीनाशक, मी सोडलेलं नाही, हे लपवायचं कारण नाही. शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र. स्वच्छ घासलेला विळा त्यात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी आहे, पानं करपतील. आणि जमिनीत गेलेलं तांबं तिथंच साचत जातं, म्हणून प्रत्येक फवारणी वहीत मांडतो.

शेजारी पाचट पेटवतात, आम्ही ते मागून आणून वेलीच्या बुडाशी अंथरतो. एप्रिल छाटणीनंतरच्या उन्हात मुळांना त्याचा मोठा आधार होतो. याच दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या सालचा घड आकार घेत असतो. तेव्हा काडीला ऊन मिळालं पाहिजे, म्हणून विरळणीला घरातलं कुणी सुटत नाही.

मणी फुगवायला घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकाच्या, द्रावणात बुडवतात, ते आम्ही करत नाही. मणी बारीक राहतो. एक व्यापारी त्याच कारणानं अर्ध्या बागेचा माल तोडून निघून गेला. उरलेल्याचा आम्ही बेदाणा केला, द्राक्ष लवकर वाळावं म्हणून लावतात ते डिपिंग ऑइल न लावता, सावलीत. वाळायला जास्त दिवस लागले, रंग काळसर आला, बाजारात कुणी हात लावेना. घरोघरी पोचवून तो संपवला, आणि यंदा त्याच घरांतून निरोप आलेत.

बाग बघायला पुष्कळ जण फेब्रुवारीत येतात, घड लगडलेले असताना. या, पण लावायचा विचार असेल तर सप्टेंबरात या. पाऊस उघडल्यावर दोन तासांनी मांडवात शिरा आणि पान उलटून बघा.