शिट्टी मी वाजवीन, धरायचं काम तुमचं

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात आमच्याकडे पाहुणा आला आणि कोर्ट नाक्याकडून कळव्याच्या दिशेनं रिक्षा निघाली, की कारागृहाची उंच भिंत दिसते आणि मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाहुणे आता कंटाळलेत, म्हणून तुम्हाला सांगतो. हे कारागृह म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला. पुढं बडोद्याच्या गायकवाडांचे दूत गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाचं प्रकरण झालं आणि पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी इथं कैदेत ठेवलं. कैदी मोलाचा. इथला शिपाई फितेल ही भीती. म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे. आणि झालं असं, की त्रिंबकजींच्या खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणायचा. मराठीत. झाडीत माणसं दबून आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, असलं काहीतरी. पहारेकऱ्यांना वाटायचं, गातोय बिचारा. सप्टेंबर १८१६मध्ये त्रिंबकजी पसार झाले, तेव्हा त्या गाण्याचा अर्थ साहेबाला लागला.

शाळेत ही गोष्ट ऐकताना आम्ही हसायचो. नंतर तीसेक वर्षं मी स्वतः इतिहास शिकवला आणि माझं हसू कमी कमी होत गेलं. परक्या मुलखावर कब्जा करणाऱ्या प्रत्येक फौजेचा पेच या एका खिडकीत आहे. आपला माणूस पहाऱ्याला ठेवावा, तर त्याला गाणं कळत नाही. इथला ठेवावा, तर तो गाणाऱ्याचा भाऊबंद निघतो.

या पेचाला कायद्याचीही एक बाजू आहे. १९०७च्या हेग नियमावलीतलं, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतलं, ४३वं कलम सांगतं, की कब्जा तू केलास, तर त्या प्रदेशातली शांतता-सुव्यवस्था राखणं तुझ्या अंगावर. आणि लगेच एक कलम सोडून ४५वं कलम सांगतं, की तिथल्या रहिवाशांकडून तुझ्याशी निष्ठेची शपथ जबरदस्तीनं घ्यायची नाही. म्हणजे पोलीस तर हवा, पण त्यानं इमान कुणाशी राखायचं हे तू ठरवायचं नाहीस.

आता आपण २००३च्या इराकमध्ये जाऊ. एप्रिलमध्ये बगदाद पडलं. २२ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १४८३ क्रमांकाचा ठराव केला आणि अमेरिका व ब्रिटन हे इराकमधले कब्जेदार आहेत हे कागदावर आलं. दुसऱ्याच दिवशी, २३ मेला, बगदादमधले अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी लष्कर बरखास्त करण्याचा आदेश काढला. बरखास्त म्हणजे किती, तर ४ लाखांच्या आसपास माणसं. लष्कर तसं आधीच पांगलं होतं हे खरं, पण पांगलेल्या माणसाला हाक मारता येते. घालवून दिलेला माणूस हाकेला येत नाही. जूनमध्ये हेच माजी सैनिक पगारासाठी बगदादच्या रस्त्यावर जमले, अमेरिकी सैनिकांनी गोळी झाडली आणि दोघे मेले. घरची तयार माणसं अशी घालवल्यावर मग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मनुष्यबळासाठी झोळी फिरू लागली.

ती झोळी आपल्या दारातही आली होती, आठवतंय? अमेरिकेला भारताकडून जवळपास एक डिव्हिजन हवी होती, १७ हजारांच्या घरातले सैनिक. त्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत या विषयावरून दोन तट पडले होते. गणिताच्या बाई म्हणायच्या, जायला पाहिजे, मोठ्या राष्ट्रांच्या पंगतीत बसायचं तर हात रिकामे चालत नाहीत. पीटीचे सर म्हणायचे, पंगत त्यांची, वाढपी आपण. त्याच एप्रिलमध्ये लोकसभेनं या युद्धाबद्दल ठराव केला होता आणि त्यात हिंदीत ‘निंदा’ हा शब्द होता. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक समितीनं उत्तर दिलं: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, नाहीतर नाही. पीटीच्या सरांनी त्या दिवशी सगळ्यांना वडापाव दिला. गणिताच्या बाईंनीही खाल्ला.

मला विचाराल तर तो निर्णय बरोबर होता. आणि माझं कारण तेव्हाच्या वर्तमानपत्रांतल्या कारणांपेक्षा जुनं आहे. आमच्याच मजल्यावर साताऱ्याकडचं एक कुटुंब राहतं. त्यांच्या देवघरात, टाकांच्या शेजारी, कुंकवाच्या कोयरीत एक चांदीचं पदक आहे. एका बाजूला राजा पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नागडा पुरुष. आजीबाई ते कायम जॉर्जची बाजू वर करून ठेवायच्या. पदकाची कड भिंगाखाली धरली, की नंबर, नाव आणि पलटण वाचता येते: ११० मराठा. शेजाऱ्यांचे पणजोबा. घरात त्यांच्याबद्दल एवढंच माहीत, की ते ‘बगदादच्या लढाईत’ होते आणि परत आल्यावर खजूर बघितला की उठून जायचे.

त्यांची लढाई बगदादपर्यंत पोचलीच नव्हती. नोव्हेंबर १९१४मध्ये, पहिल्या महायुद्धात, शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओला जी फौज उतरली, ती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यातल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पुढं कुट-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या कित्येकांनी घोड्याचं मांस खाण्यापेक्षा उपाशी राहणं पत्करलं. मग जनरल टाउन्शेंडनी १३ हजारांच्या आसपास माणसांसह शरणागती पत्करली. ही मोहीम सुरुवातीला लंडननं नाही, हिंदुस्थान सरकारनं सिमल्याहून चालवली होती. १९१७मध्ये ब्रिटनच्या युद्धखर्चासाठी हिंदुस्थानच्या तिजोरीतून १० कोटी पौंड ‘भेट’ म्हणून गेले. भेट देणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. ओझं वाटून घेणं या शब्दाचा अर्थ आपल्याला पहिल्यांदा कळला तो असा.

पुढच्या काळात ही वाटणी जरा सभ्य झाली, देणाऱ्याला नाही म्हणता येऊ लागलं. १९९१च्या आखाती युद्धाचा खर्च सुमारे ६१ अब्ज डॉलर होता आणि त्यातले ५० अब्जांहून जास्त इतर देशांनी भरले. जपाननं एकट्यानं १३ अब्ज. पण जपाननं सैनिक पाठवले नव्हते. युद्ध संपल्यावर कुवेतनं अमेरिकी वर्तमानपत्रांत आभाराची जाहिरात दिली, त्यातल्या देशांच्या यादीत जपान नव्हता. गणपतीची सगळ्यात मोठी वर्गणी द्यावी आणि कार्यक्रमपत्रिकेत नाव नसावं, तशी ही गत. जपानी लोक ते अजून विसरलेले नाहीत. म्हणून २००४मध्ये जपाननं इराकच्या समावा शहरात सहाशेच्या आसपास जवान पाठवले. त्यांनी पाणी शुद्ध करायचं, शाळा-रस्ते दुरुस्त करायचे, लढायचं मात्र नाही. त्यांच्या राज्यघटनेचं नववं कलम आड येतं. मग त्यांच्या भोवती पहारा कुणाचा? आधी डच सैनिकांचा, नंतर ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन. मदतीला आलेल्यांच्या राखणीला आणखी मदत.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, प्रत्येक देशाच्या आपापल्या अटी असतात. स्पेनचे १,३०० सैनिक होते. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत बाँबस्फोट झाले, तीन दिवसांनी निवडणूक झाली, सरकार बदललं आणि महिन्याभरात माघारीची घोषणा. फिलिपिन्सचे जेमतेम ५१ होते; त्यांच्या एका ट्रकचालकाला ओलीस धरलं, तर त्याला सोडवण्यासाठी त्यांनी आपली तुकडी काढून घेतली. माझ्या मते बरं केलं, पण तो विषय वेगळा. सांगायचं ते हे, की उसना खांदा त्याच्या घरच्या हाकेवर निघून जातो, आणि तो कधी निघेल हे पालखीला विचारून ठरत नाही.

राहता राहिली दुसरी वाट. स्थानिकांना शिकवा आणि उभं करा.

इथं मी आमच्या सोसायटीत येतो, चालेल ना? घोडबंदर रोडला आमच्या चार विंग आहेत, आणि रस्त्याकडच्या विंगखाली दुकानं. वॉचमनचा खर्च कुणी किती द्यायचा यावरून दरवर्षी वाद. दुकानदार म्हणतात, आमचं शटर आम्ही बघतो, रात्रीचा वॉचमन तुमच्यासाठी. मागच्या वर्षी नवीन मुलगा ठेवला, लातूरकडचा, चांगला. त्याला एक दुपार समजावून सांगितलं: वही, फोन नंबर, पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह, रात्री दोनची फेरी. सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘काका, चोर आला तर शिट्टी मारायची का धरायचं?’’ मी म्हटलं, धरायचं की रे. तो म्हणाला, ‘‘काका, ह्या पगारात शिट्टी मी वाजवीन, धरायचं काम तुमचं.’’

ऑक्टोबर २००३मध्ये नव्या इराकी लष्कराची पहिली बटालियन तयार झाली. सुमारे ७०० जवान. साध्या शिपायाचा पगार महिन्याला ६० डॉलर. डिसेंबर उजाडेपर्यंत त्यातले ३०० च्या आसपास घरी निघून गेले. मला त्या बातमीत आमचा लातूरकर दिसला. फरक एवढाच, की आमच्या गेटवर कुणी स्फोटकं भरलेली गाडी घालत नाही.

पोलिसांचं आणखी घाईचं. जॉर्डनमध्ये अम्मानजवळ मोठं प्रशिक्षण केंद्र उघडलं, तिथं आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम. जर्मनांनी संयुक्त अरब अमिरातीत वर्ग चालवले. शिकवणारे निरनिराळ्या देशांचे, मध्ये दुभाषी. आपल्याकडे शिपाई भरती झालेल्या पोराला विचारा, प्रशिक्षण किती महिने चाललं आणि त्यानंतर पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं खरं काय शिकवलं. आठ आठवड्यांत कवायत येते, पिस्तूल साफ करता येतं. गल्लीतला कोण कुणाचा मेहुणा आहे हे ज्ञान त्या पोराकडे आधीच असतं, आणि नेमकं तेच त्याला रात्री झोपू देत नाही. दुपारी नाक्यावर ज्याला अडवलं, त्याला संध्याकाळी आपलं घर माहीत असतं.

एप्रिल २००४मध्ये फलुजा शहराला अमेरिकी फौजेचा वेढा पडला, तेव्हा नव्या लष्कराच्या एका बटालियनला मदतीला जायचा हुकूम झाला. ती वाटेतून परत फिरली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: देशाचं रक्षण करायला भरती झालो, इराकी माणसांशी लढायला नाही. त्यांना कुणी भेकड म्हटलं, कुणी फितूर. मला वाटतं, त्यांना गाणं कळलं होतं.

यातला सगळ्यात उपरोधिक प्रकार तर फार आधी घडलेला आहे. १९२०च्या उठावात ब्रिटिशांना इराक ४ कोटी पौंडांना पडला. तो मोडायलाही हिंदुस्थानातूनच पलटणी मागवल्या होत्या. मग स्वस्तातला उपाय म्हणून विमानदल आणि स्थानिक फौज. १९२१च्या जानेवारीत इराकी लष्कर उभं राहिलं, ब्रिटिशांनी शिकवलेलं. वीस वर्षांनी, मे १९४१मध्ये, त्याच लष्करानं हब्बानियाच्या ब्रिटिश विमानतळाला वेढा घातला. तेवढ्यात बसऱ्याच्या धक्क्यावर कोण उतरलं होतं? पुन्हा हिंदी सैनिक.

आपण तरी कुठं वेगळे? १९८७ ते १९९० आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. जवळपास १,२०० जवान गेले. निघायची वेळ आली तेव्हा आपणही तिथल्या पोरांना हत्यारं देऊन एक तमिळ सेना उभी केली होती, बरीचशी बळजबरीच्या भरतीची. आपली पाठ वळली आणि तमिळ वाघांनी, म्हणजे लिट्टेनं, ती उधळून लावली. हत्यारंही त्यांच्याकडे गेली. दुसऱ्याच्या चुका मोजताना ही पाटी आपल्याही गळ्यात आहे, एवढं ध्यानात असू द्या.

आणि इराकी लष्कराचं पुढं काय झालं? वर्षं गेली, अब्जावधी डॉलर गेले. जून २०१४मध्ये मोसुल शहरातून ते लष्कर काही दिवसांत पळालं. त्याच वर्षी पंतप्रधान अल-अबादींनी संसदेत सांगितलं, की पगारपत्रकावर ५० हजार सैनिक असे सापडले जे प्रत्यक्षात नाहीतच. तिथं त्यांना लोक थट्टेनं अंतराळवीर म्हणत. आपल्याकडे रोजगार हमीच्या बोगस मस्टरवरचे मजूर ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे समजवायला नको.

माझी वेळ संपत आली. जाता जाता सोसायटीचं सांगून टाकतो, काही जणांना उत्सुकता असेल. येत्या रविवारी सभा आहे. चौथा विषय: वॉचमनची पगारवाढ. दुकानदारांच्या विंगनं आधीच कळवलंय, की ते सभेला येतील, चहा घेतील, पण मत देणार नाहीत.

नमस्कार.