सोन्याचं नाणं, सोन्याची वाळू

(मेणबत्तीची ज्योत. चिमटीतून पिवळसर तपकिरी पूड पडते.)

चिमूटभर पूड ज्योतीवर सोडली की असा भपका उठतो. बारीक तडतड होते आणि मागे राख उरत नाही. वेलासारख्या चढणाऱ्या एका नेच्याचे हे बीजाणू. चिनी नाव हाय जिन शा, म्हणजे समुद्रातली सोनेरी वाळू. मुतखडा होऊ नये, झालेला बारीक खडा लघवीवाटे निघून जावा, यासाठीच्या चिनी काढ्यांत ही पूड पिढ्यान्‌पिढ्या पडत आली आहे. भेसळही तितकीच जुनी: विटेची भुकटी, पिवळी माती, दुसऱ्या झाडांचे परागकण. माती असेल तर ज्योतीवर ती लगेच उघडी पडते. आता पाणी बघा. खरी पूड वर तरंगत राहते. भांडं तापवलं की हळूहळू खाली बसते. माती पडल्या क्षणी तळ गाठते. परागकण मात्र दोन्ही परीक्षांतून निसटू शकतात. त्यांना सूक्ष्मदर्शकच लागतो.

(डोंगरउतार. वेल कापणारे हात.)

कापणी शरदात. बीजाणू पिकलेले हवेत, पण गळायला लागलेले नकोत. मधे थोडेच दिवस मिळतात. ते हुकले की हाती नुसता पाला येतो. वेल उन्हात वाळवायचे, कापडावर घेऊन चोळायचे, झोडायचे, मग बारीक चाळणीतून गाळायचे. वाऱ्यात हे काम होत नाही. एवढ्या ढिगातून निघाली ती ही वाटीभर पूड.

(मिठागर. उकळतं पाणी.)

लघवी अडणं, जळजळणं, थेंबथेंब होणं, या सगळ्याला चिनी वैद्यकात 'लिन' म्हणतात. खडा पडतो तो 'श-लिन', दगडी लिन. जुन्या वैद्यांनी त्याला मिठाची उपमा दिली: आग मोठी, पाणी थोडं, की मिठाचा दगड होतो. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगच्या दमट उन्हाळ्यात दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. आजचं रसायनशास्त्र कॅल्शियम आणि ऑक्झलेटची नावं घेतं. बाकी चित्र तेच. म्हणून या काढ्यांची दिशा ठरलेली: विस्तव कमी करा, पाणी वाहतं ठेवा.

(दुकानाचा ओटा. तीन जुड्या.)

आता खरी गोंधळाची जागा. जिन छ्येन त्साओ, सोन्याच्या नाण्याचं गवत. गोल पान दिसलं की त्याला नाणं म्हणायचं, अशी रीतच असावी. कारण या नावाखाली किमान तीन वनस्पती विकल्या जातात. डावीकडची सिचुआनची. वाळलेलं पान भिजवून उजेडासमोर धरा: काळ्या-तपकिरी रेघा दिसतील. हिचा भर जास्त करून पित्ताशयाच्या खड्यांवर. मधली ग्वांगडाँग आणि ग्वांगशीची, म्हणून नावाआधी 'ग्वांग' लागतं. तूर-हरभऱ्याच्या कुळातली. पान दोन ते चार सेंटिमीटर, खालच्या अंगाला पांढरट लव, खोडावर पिवळसर. मुतखड्यासाठी मागतात ती ही. उजवीकडचीचं खोड बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागतं. पुदिन्याच्या कुळातली, चुरगळली की वास येतो. चिनी औषधसंहितेत तिघींच्या नोंदी वेगळ्या आहेत. चिठ्ठीवर नुसतं 'नाण्याचं गवत' लिहिलं, तर गाव बदललं की औषध बदलतं.

(कढईत तापलेली वाळू.)

हे खड्यासाठीचंच आणखी एक औषध, जी नेइ जिन. आपल्याकडे चिकनच्या दुकानात कलेजी-पेटा साफ करताना जो पिवळा पापुद्रा सोलून टाकतात, तोच. कोंबडी कापल्या कापल्या सोलावा लागतो. पेटा वाळला की तो अख्खा निघत नाही. धुऊन वाळवलेले पापुद्रे तापलेल्या वाळूत परतले की कुरडईसारखे फुगतात. वाळू पुरेशी तापलेली नसेल तर चिवट राहतात, जास्त तापली तर कोळसा. फुगलेले चाळून काढायचे आणि कुटायचे. ही पूड उकळण्यापेक्षा कोमट पाण्याबरोबर घेणं वैद्य पसंत करतात, एका वेळी दीड ते तीन ग्रॅम.

(मातीचं भांडं, तराजू.)

एका दिवसाचा काढा. ग्वांग जिन छ्येन त्साओ १५ ते ३० ग्रॅम, समुद्रातली सोनेरी वाळू, म्हणजे नेच्याची ती पूड, ६ ते १५, शंखजिरे (टाल्क हा मऊ दगड) १० ते २०. आणि हे काळसर बारीक बी ९ ते १५ ग्रॅम. चिनी नावाचा अर्थ 'गाडीपुढचं बी'. हे रोप वाटेच्या कडेलाच उगवतं. इसबगोलाचा हा सख्खा भाऊबंद. भिजला की तसाच बुळबुळीत होतो, मोकळा टाकला तर तळाला चिकटून करपतो. नेच्याची पूड मोकळी सोडली तर वर तरंगत राहते, पिताना घशाला लागते. म्हणून बी, पूड आणि शंखजिरे, तिन्ही फडक्याच्या पुरचुंडीत बांधून.

सगळं अर्धा तास थंड पाण्यात भिजत. पाणी औषधाच्या वर दोन बोटं. लोखंडी भांडं नको. वनस्पतींतला तुरट अंश लोखंडाशी मिसळून काढा काळा पडतो. मोठ्या आचेवर उकळी, मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. गाळा, थोडं कमी पाणी घालून पुन्हा पंधरा-वीस मिनिटं. दोन्ही पाणी एकत्र करून अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी. प्रतिबंधासाठी घेणाऱ्याला वैद्य मात्रा कमी ठेवतात. ही औषधं थंड प्रकृतीची, फार दिवस घेतली तर पोट बिघडतं.

(सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारे ठिपके.)

ही चिलटाची मूत्रनलिका. तैवानच्या तायचुंगमधल्या संशोधकांनी फळांवरच्या चिलटांना इथिलीन ग्लायकॉल हे रसायन खाऊ घातलं. नलिकांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक जमले. मग खाण्यात वनौषधी मिसळून स्फटिक किती घटतात ते मोजायचं. उंदरांत ग्वांग जिन छ्येन त्साओच्या अर्काने लघवीतलं खडा रोखणारं सायट्रेट वाढलं आणि कॅल्शियम घटलं. त्याच वनस्पतीतल्या फ्लेव्होनॉइड नावाच्या नैसर्गिक संयुगांची कॅप्सूल चीनने २०२२ मध्ये मूत्रवाहिनीच्या खड्यांसाठी मंजूर केली. खडा पुन्हा होऊ नये यासाठीच्या माणसांवरच्या चाचण्या बऱ्याचशा लहान आहेत, आणि काढ्याबरोबर पोटात जाणाऱ्या पाण्याचा वाटा वेगळा काढणं अवघड. लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर व्हावी इतकं पाणी प्यायला मूत्ररोगतज्ज्ञही सांगतातच.

दोन गोष्टी राहिल्या. लघवीच्या जुन्या औषधयोगांतल्या मूथोंग वेलीच्या जागी ईशान्य चीनमधली ग्वान मूथोंग वापरली जाई. तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडच निकामी करतं, म्हणून २००३ मध्ये चीनने ती काढून टाकली. आणि खडा अडकून ताप आला तर काढा नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

(पहाट. गल्लीत ओतलेला चोथा.)

उकळून झालेला चोथा रस्त्यावर टाकायची जुनी चाल आहे. येणारे-जाणारे तुडवतात आणि दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं, असं मानतात. ही पानं कालच्या भांड्यातली. गोल आहेत, खालची पांढरट लव अजून दिसते.