राबत्या हातांचं नटणं

नमस्कार. आजचा विषय ‘काटकसरीचा संसार आणि स्त्रीचं दिसणं’ असा ठरला. संयोजकांनी आधी ‘स्त्रीसुलभ’ हा शब्द सुचवला होता, तो मी काढायला लावला. ‘बायकी’ तर नकोच, कारण आपल्या भाषेत तो शब्द पुरुषाला हिणवायलाच जास्त वापरला जातो. ‘नटणं’ हा साधा शब्द पुरे आहे. कुणाला केसांची हौस असते, कुणाला कानातल्यांची, कुणाला रंगांची, तर कुणाला नुसत्या कडक इस्त्रीची. ज्या गोष्टीने आपल्याला बाई म्हणून बरं वाटतं ते आपलं नटणं. त्याची याहून नेमकी व्याख्या मी करणार नाही.

बेल वाजली की आपण लगेच दार उघडतो का? नाही. आधी स्वतःकडे बघतो. ओले हात कपड्यालाच पुसतो, केस कानामागे सारतो, बाहीवरचा डाग हाताने झाकतो आणि मग कडी काढतो. आलेला माणूस ओळखीचा निघाला तर वर हसून सांगतो, “माझ्या अवताराकडे बघू नका हं.” या सभागृहात हे वाक्य कधीच न म्हटलेली बाई असेल तर तिने हात वर करावा. एकही नाही. मीही नाही.

हा अवतार गरिबीमुळे होतो असा आपला समज असतो, पण तो आपल्या एका हिशेबातून तयार होतो. नवा कपडा आला की तो ‘बाहेरचा’ ठरतो. दोन-तीन वर्षांनी त्याचा रंग उडतो, गळा सैल पडतो, काखेत तो विरतो, आणि मग आपण म्हणतो, “असू दे, घरात घालायला होईल.” घर सांभाळणारी बाई दिवसातून किती वेळ बाहेर असते? दोन तास धरा, फार तर तीन. उरलेले एकवीस तास ती निवृत्त कपड्यांमध्ये काढते. म्हणजे कपड्यांवरचा जवळजवळ सगळा खर्च त्या तीन तासांसाठी होतो आणि एकवीस तासांच्या वाट्याला फक्त उतरलेलं येतं. या वाटणीला काटकसर म्हणायला मी तयार नाही.

माझ्या घरात मी ही वाटणी उलटी केली. बाहेरचे कपडे कमी केले आणि घरात घालायचे म्हणूनच चार जोड घेतले. सुती, गडद, लहान छापाचे, खिसेवाले. गडद छापावर डाग पटकन दिसत नाही. खिसा असला की चिमटे, किल्ली, पेन्सिल घेऊन पुन्हा पुन्हा उठावं लागत नाही. बाही कोपराच्या वर, म्हणजे पाण्यात बुडत नाही. पहिल्या आठवड्यात घरातल्यांनी विचारलं, “कुठे निघालीस?” म्हटलं, “भांडी घासायला.”

आता थोडं मागे जाऊ. 1899 मध्ये थॉर्स्टीन व्हेब्लेन नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने एक बोचरं निरीक्षण मांडलं. श्रीमंत घरातल्या बाईचा पोशाख कशासाठी असतो? या बाईला हाताने काही करावं लागत नाही, हे जगाला दिसावं यासाठी. कंबर आवळणारा कॉर्सेट, उंच टाचा, जमिनीवर लोळणारा घेर यांतलं काहीही अंगावर घालून काम होत नाही, आणि मुद्दा तोच होता. सव्वाशे वर्षं होऊन गेली. कॉर्सेट गेला, पण लांब नखं, पांढरे तळवे, जागचा न हलणारा केस यांना आपण अजूनही ‘छान’ म्हणतो. ही सगळी न राबणाऱ्या देहाची लक्षणं आहेत. आपण दिवसभर राबायचं आणि न राबणारीच्या मापाने स्वतःला मोजायचं म्हटलं तर नापासच होणार. पैसे वाढले तरी हे गणित सुटत नाही, कारण मापच दुसरीच्या अंगावरून घेतलेलं आहे.

म्हणून हातांपासून सुरुवात करू. राबणाऱ्या बाईचं वय आधी हातांवर दिसतं. त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. साबणाच्या वडीचा पीएच असतो नऊ-दहा, म्हणजे ती अल्कधर्मी. दिवसातून पंधरा-वीस वेळा हात साबणात गेले की त्वचेवरचा तेलकट थर धुऊन जातो, आतलं पाणी उडायला लागतं आणि मग भेगा, खाज, नखांच्या कडेची सालं सुरू होतात. यावर महागडं क्रीम हा उपाय नाही. पहिला उपाय म्हणजे रबरी हातमोजे. “मोज्यात हात घामेजतात” ही तक्रार खरी आहे. आत पातळ सुती मोजे घाला, आणि आतून ओले झालेले मोजे तसेच चढवू नका. दुसरा उपाय, हात धुतल्यावर ते पूर्ण कोरडे व्हायच्या आत, दमट असतानाच मलम लावा. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं आणि पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. पाणी असतानाच झाकण घालायला हवं, कोरड्या भांड्यावर घालून काय उपयोग?

या पेट्रोलियम जेलीची जन्मकथा मला फार आवडते. रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ अमेरिकेत टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला होता. पंपाच्या दांड्यांवर एक चिकट मेण साचायचं. यंत्र अडतं म्हणून कामगार त्याला वैतागलेले असत, पण हात कापला किंवा भाजला की तेच मेण त्यावर चोपडत. चेसब्रोने ते शुद्ध केलं आणि 1872 मध्ये व्हॅसलीन या नावाने त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे ही वस्तू मुळात राबणाऱ्या हातांचीच. शृंगाराच्या टेबलावर ती नंतर आली. ओठ, टाचा, कोपर, भुवया चापून बसवणं, सगळ्याला एकच डबी चालते आणि ती अजूनही स्वस्तात मिळते. फक्त चेहऱ्यावर मुरुमं येत असतील तर तिथे जाड थर देऊ नका.

नखं महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतात. ती आखूड, गोलसर आणि एका दिशेने घासलेली असली की पुरे. रंग लावायचा तर फिका लावा, टवका उडाला तरी चटकन कळत नाही. लाल रंगाची हौस असेल तर पायांना लावा. पाय भांडी घासत नाहीत.

केसांचा हिशेबही एकदा समजून घेतला की पुष्कळ पैसे वाचतात. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे खांद्याखाली, समजा 40 सेंटिमीटरवर जे टोक लोंबतंय ते जवळजवळ तीन वर्षांचं आहे. इतकी वर्षं ऊन, घर्षण, कंगवा सोसलेलं ते टोक दुभंगलं तर कुठलीही बाटली ते सांधत नाही. केस ही मृत वस्तू आहे, तिला ‘पोषण’ मिळत नाही. कंडिशनर वरची खवलं बसवतो, गुंता कमी करतो, एवढंच. ते काम स्वस्तातलाही करतो. टोकं तीन-चार महिन्यांनी घरच्या घरी छाटा, पण त्यासाठी धारदार कात्री वेगळी ठेवा, कागद कापायची नको. ओला केस ताणला जातो आणि तुटतो, म्हणून आधी पाणी टिपून घ्या आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवत जा. केशरचना अशी निवडा की वाकलं तरी ती सुटू नये आणि सुटलीच तर एका हाताने पुन्हा बसावी. घरकामाची याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

चेहऱ्याबद्दल थोडक्यात. एसपीएफ 30 वालं सनस्क्रीन त्वचा भाजणारे सुमारे 97 टक्के किरण अडवतं, 50 वालं सुमारे 98. या एका टक्क्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा स्वस्तातलं घ्या आणि सढळ हाताने लावा. किंमत बघून थेंबभर लावलं की आकडा डबीवरच राहतो.

आणि हात जोडून एक विनंती, स्वयंपाकघरातलं सगळं चेहऱ्याला चालतं असं समजू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर त्वचा अक्षरशः भाजते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. खायचा सोडा अल्कधर्मी आहे, त्याने चेहरा घासणं म्हणजे साबणाचा दोष विकत न घेता घरात आणणं. फुकट आहे म्हणून ते स्वस्त पडेलच असं नाही.

कपड्यांवर मात्र मला जरा रेंगाळायचंय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी 66 कुपनं. एका लोकरी ड्रेसला 11 लागत. पैसे असले तरी कुपनाशिवाय कपडा नाही. हे 1949 पर्यंत चाललं. त्या बायकांनी काय केलं? पडद्यांचे स्कर्ट केले, पुरुषांचे सूट उसवून स्वतःचे शिवले, मागे शिवण असलेले लांब मोजे मिळेनात तर पायांना रंग लावून पोटऱ्यांवर पेन्सिलीने शिवणीची रेघ ओढली! त्याआधी, मंदीच्या काळात, अमेरिकेतल्या शेतकरी बायका पिठाच्या सुती पोत्यांचे कपडे शिवत होत्या. पोती बनवणाऱ्यांना हे कळल्यावर ते पोत्यांवर फुलांचे छाप द्यायला लागले, आणि कंपनीचं नाव धुऊन जाईल अशी शाई वापरायला लागले. मला यातलं नाव पुसण्याचं फार विशेष वाटतं. अंगावर पोतं आहे हे चालत होतं, पण ते वाचता येता कामा नये.

आपल्याला कुपनं नाहीत, पण कपडा तोच आहे आणि त्याचे स्वभावही तेच आहेत. सूत ओलं झालं की उलट जास्त बळकट होतं, पिळलं तरी चालतं. व्हिस्कोस किंवा रेयॉन ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्याने उतरते. सुती समजून तो पिळला की दोन-चार महिन्यांत गेलाच. लोकर गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट होते. एन्झाइमवाल्या पावडरी प्रथिनांचे डाग खातात, आणि रेशीम, लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत. तेव्हा तिथे सौम्य साबणच हवा. रंगीत कपडा उलटा करून सावलीत वाळत घाला. झटकून, शिवणी हाताने ओढून सरळ करून घातला की निम्मी इस्त्री दोरीवरच होते.

कपडा घेताना आधी तो उलटा करून बघा. शिवणीत माया किती सोडलीय? माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेला जादा कपडा. हा शब्द ज्याने कुणी ठेवला त्याला नमस्कार. वजन दोन किलो वाढलं, छाती भरली, मूल झालं, की ती माया उसवून कपडा पुन्हा अंगावर येतो. दुकानात चकचकीत दिसणाऱ्या कितीतरी कपड्यांत मायाच नसते, तिथे किंमत कमी असूनही तो महाग पडतो. टाका सुटला की त्याच दिवशी घाला. बटण शिवताना मध्ये काडी ठेवून शिवा, मग काडी काढून दोऱ्याचे चार वेढे द्या म्हणजे बटणाला मान येते आणि ते ओढून तुटत नाही. रफू जमत नसेल तर ती लपवायच्या फंदात पडू नका, ठळक रंगाच्या दोऱ्याने उघड नक्षी काढा. माझी रफू मला कधीच जमली नाही. माझ्या एका कुर्त्यावर सध्या सात पानं आहेत. त्याखाली सात भोकं आहेत.

पैशांचं एकच सांगते. घरखर्चाच्या वहीत तुमच्या नावाची ओळ असू द्या, रक्कम लहान का असेना. बहुतेक घरांत मुलांची असते, औषधांची असते, इस्त्रीवाल्याची असते. हिची नसते. मग ही बाई भाजीच्या पैशांतून लिपस्टिक घेते आणि ती चोरून आणल्यासारखी कपाटात ठेवते. आणि ओळ असली म्हणून ती दर महिन्याला संपवलीच पाहिजे असंही नाही. साठवा. तीन बेताच्या चपलांपेक्षा एक तळ बदलता येणारी बरी.

चिठ्ठ्यांवर दोन प्रश्न आलेत. पहिला आहे, “घरात बघायला कोण आहे? मग कशाला नटायचं?” बाई, आरसा आहे ना. आणि नसेल नटायचं तर नका नटू. गबाळं राहण्यातही सुख असतं, रविवारी मी ते पुरेपूर घेते. मला राग येतो तो फक्त एका गोष्टीचा. नटावंसं वाटतं, पण ‘आपल्याला कुठे शोभतं, आपण तर घरीच’ म्हणून कुणी स्वतःला गप्प बसवतं तेव्हा.

दुसरी चिठ्ठी आहे, “पांढरे केस रंगवावेत का?” रंगवायचे असतील तर दर वेळी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा रंग लावून 48 तास थांबा, गडद रंगांतल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही उद्भवू शकते. मुळं महिन्याभरात पुन्हा दिसणार, तो खर्च आणि ती दुपार कायमची वहीत धरा. मी रंगवत नाही. त्यामागे तत्त्व वगैरे काही नाही, मला कंटाळा येतो.