घडीचा चाकू घेताना धार शेवटी पाहा

मित्रहो, दुकानात घडीचा चाकू हातात घेतला की बहुतेक माणसं आधी पात्यावरून अंगठा फिरवतात. धार बोचली की समाधान होतं आणि पैसे दिले जातात. माझं आजचं बोलणं या सवयीच्या विरुद्ध आहे. धार सगळ्यात शेवटी पाहायची, कारण ती घरी दगडावर कोणालाही लावता येते. सांधा, म्हणजे पातं मुठीत जिथे फिरतं ती जागा, मात्र कारखान्यातून जसा आला तसाच बहुधा शेवटपर्यंत राहतो, आणि चाकू आपल्याच बोटांवर मिटतो तो या सांध्यामुळे.

माझं कामकाजी आयुष्य नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत, साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे पोलाद आणि फटी पाहायची डोळ्यांना सवय आहे. इतवारीत किंवा सीताबर्डीवर दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या चाकूत बनवणाऱ्याने कुठेतरी पैसे वाचवलेलेच असतात. त्याने ते मुठीच्या प्लास्टिकवर, पॉलिशवर, डबीवर वाचवले असतील तर माझी काहीच तक्रार नाही. सांध्यावर, उघडं पातं अडकवून धरणाऱ्या लॉकवर किंवा पोलादाला पाणी देण्यात (तापवून, थंड करून कडक करण्यात) वाचवले असतील, तर तो चाकू फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आधी चाकू मिटलेला असताना वरून उजेडात बघा. पातं दोन्ही बाजूंच्या मधोमध बसलंय का? एका बाजूला घासत असेल तर भोक तिरपं पडलंय किंवा सांध्यातली चकती, म्हणजे वायसर, धड नाही. मग चाकू उघडा, एका हाताने मूठ घट्ट धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. थोडा हेलकावा जाणवला तर सांध्यावर स्क्रू आहे की रिवेट ते पाहा. स्क्रू असेल तर तो पाव फेरा आवळला की बहुधा काम होतं. रिवेट असेल तर तो हेलकावा कायमचा, आणि तो वाढतच जाणार. आता तसंच वर-खाली हलवून बघा. इथे खडखड जाणवली तर दोष लॉकच्या घडणीत आहे. तो स्क्रू आवळून जात नाही. चाकू परत ठेवा.

लॉकवर मला जरा जास्त वेळ हवा आहे. स्वस्त चाकूंमध्ये आजकाल बहुतेक वेळा लायनर लॉक असतं. मुठीच्या आतला पातळ पत्रा आतल्या बाजूला वाकलेला असतो. पातं पूर्ण उघडलं की तो सरकून पात्याच्या बुडामागे येतो आणि त्याला मिटू देत नाही. हा पत्रा बुडावर किती सरकलाय ते डोळ्यांनी दिसतं. बुडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत आला असेल तर उत्तम. नुसता कडेला टेकला असेल तर जोर पडताच सुटेल. नवा असतानाच पलीकडच्या टोकाला जाऊन भिडला असेल, तर पुढे झीज झाल्यावर सरकायला त्याला जागाच उरलेली नाही.

लॉक तपासायला काही जण पात्याची पाठ टेबलावर आपटतात. तसं करू नका. त्याने चांगलं लॉकही बिघडतं. हातमोजा घाला, मूठ अशी धरा की पातं मिटलं तरी वाटेत बोट येणार नाही, आणि पाठ लाकडी टेबलावर हळूहळू दाबत न्या. घसरायचं असेल ते लॉक तेवढ्यानेही घसरतं. दुकानदार हे करू देत नसेल तर घरी पहिल्याच दिवशी करा.

लॉक नसलेला, नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर चालणारा चाकू वाईट असतो असं मात्र समजू नका. स्प्रिंग कडक हवी, उघडताना आणि मिटताना शेवटी पातं टचकन बसायला हवं. अशा चाकूने टोचायचं काम करायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की पुरे. साधेपणा आणि विश्वास एकत्र कसे येतात ते पाहायचं असेल तर फ्रान्सचा ओपिनेल बघा. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये तो सुरू केला; लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा. १९५५ मध्ये त्यावर फिरणारी लोखंडी कडी आली, आणि लॉकचा प्रश्न एका कडीत सुटला. आपल्याकडे पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पातं उघडायला जड जातं. लाकूड वाळलं की पुन्हा मोकळं होतं. तो दोष समजून परत करू नका.

आता पोलाद. पात्यावर नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असेल तर त्यातून काही कळत नाही. साधारण साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पोलादाला ते नाव लागतं. ‘सर्जिकल स्टील’ हाही कुठला ठरलेला दर्जा नव्हे. चिनी चाकूंवर ‘३सीआर१३’, ‘८सीआर१३एमओव्ही’ असे आकडे दिसतात, ते उपयोगी आहेत. पहिला आकडा कार्बनचा: तीन म्हणजे सुमारे ०.३ टक्के, आठ म्हणजे सुमारे ०.८. ‘सीआर१३’ म्हणजे क्रोमियम सुमारे १३ टक्के. कार्बन जास्त तर पातं जास्त कडक करता येतं. ‘करता येतं’ म्हणतो, कारण पाणी नीट दिलं नाही तर चांगलं पोलादही मऊ राहतं. स्विस कंपनी व्हिक्टोरिनॉक्सची पाती साधारण ५६ रॉकवेलची असतात; रॉकवेल हे कडकपणाचं माप. म्हणजे फार कडक नाहीत, पण एकसारखी असतात, आणि रोजच्या कामाला तेवढं पुरतं.

घरी रॉकवेलचं यंत्र नसतं. संत्र्याच्या रिकाम्या पेटीचा पुठ्ठा घ्या आणि त्याच्या पट्ट्या कापत राहा. मग नख पात्याच्या पाठीकडून धारेकडे, दोन्ही बाजूंनी हलकेच सरकवा. एका बाजूला नख अडकलं तर धार वळली, म्हणजे पोलाद मऊ आहे. धार उजेडाकडे धरल्यावर बारीक ठिपके चमकले तर तिथे ती वळली किंवा तुटली आहे. पण निकाल लगेच देऊ नका. स्वस्त पाती कोरड्या चाकावर घाईत घासलेली असतात, आणि त्या उष्णतेने अगदी कडेचं पोलाद मऊ पडतं. दगडावर दोनदा धार लावून तो थर निघून गेला की खरं पातं कळतं. रस्त्यावरच्या धारवाल्यालाही म्हणूनच सांगा, भाऊ, पाणी लावत लावत घासा. कडेला निळी झाक आली की तिथला कडकपणा गेला.

पात्यावर लाटांची दमास्कस नक्षी (खरी असेल तर ती पोलादाच्या थरांतून येते) असली तर ती धारेच्या उतारावर आणि पाठीवरही जाते का ते बघा. फक्त सपाट अंगावर असेल तर ती बहुधा वरून छापलेली आहे.

पात्याची जाडीही महत्त्वाची. धार लागलेली आहे, पण धारेच्या लगेच मागे पातं जाड असेल तर गाजर चिरलं न जाता फाटतं. आपलं नागपुरी संत्रं या परीक्षेला कामाचं नाही, ते हातानेच सुटतं. गाजर किंवा कडक सफरचंद घ्या, आणि लिंबू चिरून पातं तसंच थोडा वेळ ठेवा. साध्या कार्बन पोलादावर काळपट डाग येईल, तो चालतो. स्टेनलेस म्हणून विकलेल्यावर तांबूस गंज आला तर विकणाऱ्याला जाब विचारा.

मुठीबद्दल एवढंच, की ओल्या हाताने घट्ट धरून बघा, कुठे रुतते का.

या सगळ्यातून चाकू पार पडला आणि फक्त धार बोथट निघाली, तर खुशाल घ्या. बारीक दगड, पाणी आणि संध्याकाळचा अर्धा तास एवढंच त्याला लागतं. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा.