‘व्हेन’ आलं की ‘विल’ का जातं?

नमस्कार मंडळी! जळगावच्या उन्हात पंखा बंद करून बसलेय, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते.

मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय. “ताई, भविष्यकाळ म्हणजे विल ना? मग तुम्ही ‘व्हेन आय रीच’ म्हणालात, ते चुकलं का?” नाही, चुकलं नाही. आज त्यावरच बोलू.

सोपं आधी भराभर उरकते. बोलता बोलता ठरवलं तर विल: बेल वाजली, “आय विल ओपन द डोअर.” मृत्युपत्राला आपणही विल म्हणतो, बघा, या शब्दाचा मूळ अर्थच इच्छा. आखाजीला माहेरी जायचं आधीच ठरवलंय? “आय अ‍ॅम गोइंग टू व्हिजिट माय मदर.” तिकीटही काढलंय? “आय अ‍ॅम लीव्हिंग ऑन फ्रायडे.” आभाळ दाटून आलंय? “इट इज गोइंग टू रेन.” गाडीचं वेळापत्रक असेल तर साधा वर्तमानकाळ: “द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स.” झालं.

आता खरी गोम. “व्हेन आय विल रीच भुसावळ, आय विल कॉल यू.” यातलं पहिलं विल काढा. “व्हेन आय रीच भुसावळ, आय विल कॉल यू.”

का? तुम्ही आईला फोनवर काय सांगता? “भुसावळला पोहोचले की फोन करते.” पोहोचले! गाडीनं अजून पाचोरा सोडलेलं नाही आणि तुम्ही ‘पोहोचले’ म्हणताय. आईचा गोंधळ होतो का? नाही, कारण पुढच्या ‘फोन करते’वरून तिला सगळं कळतं. इंग्रजीतही भविष्य मुख्य वाक्यात एकदा सांगितलं की पुरे. शाळेत मात्र आपल्याला “जेव्हा मी पोहोचेन, तेव्हा” असं घोकायला लावतात. ‘पोहोचेन’ दिसलं की हात आपोआप विल लिहितो.

माझी पुण्यातली पहिली मुलाखत. मी म्हणाले, “आफ्टर आय विल कम्प्लीट माय एमए...” समोरच्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “खानदेशात असंच शिकवतात वाटतं.” नोकरी गेली त्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. ही चूक पुण्याची मुलं करतात, मुंबईची करतात, दिल्लीची करतात. तिचा आपल्या गावाशी काही संबंध नाही. कुणी असं बोललं तर मान खाली घालू नका.

रावेरकडच्या एका केळीवाल्या दादांनी दिल्लीच्या व्यापाऱ्याला पाठवायचा मेसेज मला तपासायला दिला होता. “इफ द ट्रक विल कम टुमॉरो, वी विल कट द बनानाज.” मी विचारलं, “दादा, मराठीत कसं सांगाल?” ते म्हणाले, “उद्या गाडी आली तर घड कापतो.” कापलेला घड काही झाडाला परत लागत नाही, त्यामुळे आधी गाडी, मग कोयता. त्यांच्या तोंडी आपसूक ‘आली तर’ आलं, ‘येईल तर’ नाही. म्हणून “इफ द ट्रक कम्स टुमॉरो.” अ‍ॅज सून अ‍ॅज, अन्टिल, बिफोर, आफ्टर, अनलेस यांनाही हाच नियम.

आता धुळ्याच्या एका मुलीची कॉमेंट. “ताई, मग ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबर कसं?” फार छान पकडलंस गं! मराठीत म्हणून बघ: “तो कधी येईल, माहीत नाही.” इथे ‘कधी’ आहे, ‘आला की’ बसतच नाही. व्हेनचा अर्थ ‘कधी’ असेल तर विल ठेवा. ‘आला की’ किंवा ‘जेव्हा’ असेल तर काढा. इफचंही तसंच. “पाऊस येईल की नाही, माहीत नाही” यात विल राहतं: “आय डोन्ट नो इफ इट विल रेन.” “पाऊस आला तर आम्ही घरीच थांबू” यात जातं: “इफ इट रेन्स, वी विल स्टे होम.”

आता तुमची पाळी. “भरीत झालं की तुला हाक मारते.” हे इंग्रजीत करा आणि कॉमेंटमध्ये टाका. प्रत्येक उत्तर मी स्वतः वाचणार आहे.