नाव जॅकीचं, काच वेस्ट व्हर्जिनियाची

(जुन्या काचसामानाच्या संग्राहकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एप्रिल १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावगृहात जॅकलिन केनेडी ओनॅसिस, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पत्नी ‘जॅकी’, यांच्या घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. चार दिवस चालला. त्यात मोत्यांची एक तीनपदरी माळ होती. छोटा जॉन आईच्या गळ्यातली माळ ओढतोय, असा एक फोटो जगभर गाजला होता. त्यातली ही माळ. सदबीजचा अंदाज होता ५०० ते ७०० डॉलर. ती गेली २ लाख ११ हजार ५०० डॉलरला. मोती खरे नव्हते. काचेचे मणी होते, वरून मोत्याची झिलई दिलेले.

माझा विषय काच, म्हणून हा आकडा मी काचेचा भाव म्हणूनच लक्षात ठेवला आहे. माळ विकत घेतली फ्रँकलिन मिंट या कंपनीनं, आणि तिच्या हुबेहूब प्रती काढून हजारोंनी विकल्या. म्हणजे एक माळ जॅकलिनबाईंच्या गळ्यातली, आणि तिच्या हजारो बहिणी ज्यांना त्यांचा स्पर्शही झालेला नाही. नामवंत व्यक्तीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या काचसामानाच्या बाजारात शिरलात की पहिल्याच दिवशी हाच प्रश्न समोर येतो: तुमच्या हातातला पेला कुठला? तो एकमेव, की बहिणींपैकी एक?

जॅकलिन केनेडी यांचंच उदाहरण मी घेतो, कारण त्यांच्या बाबतीत या प्रश्नाला एक वेगळं, मला फार मोलाचं वाटणारं उत्तर आहे. त्या काळात त्यांच्याएवढी पोशाखामुळे गाजलेली दुसरी बाई दाखवणं कठीण. ओलेग कासिनींनी शिवलेले कपडे, ती डबीसारखी गोल टोपी, बिनबाह्यांचे साधे झगे. जगभरच्या बायकांनी ते शिंप्यांकडून शिवून घेतले. मार्च १९६२ मध्ये त्या भारतात आल्या तेव्हा जयपूरला महाराणी गायत्रीदेवींनी त्यांचं आतिथ्य केलं. गायत्रीदेवी म्हणजे आपल्या सयाजीराव गायकवाडांची नात, इंदिराराजेंची मुलगी. पोशाखाची जाण तिथेही आजोळाकडून आलेली होती, हे जाता जाता सांगतो.

तर अशा बाई १९६१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राहायला आल्या आणि जेवणाच्या टेबलासाठी पेले निवडायची वेळ आली. त्या घरात काचेची एक परंपरा होती. १८६१ मध्ये लिंकन यांच्या वेळी डॉरफ्लिंगरच्या कारखान्यातून राष्ट्रचिन्ह कोरलेले पेले आले. १८९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्यासाठी त्याच कारखान्यानं ‘रशियन’ नावाच्या दाट नक्षीचे पेले कापून दिले. त्यांवर बोट फिरवलं तर सपाट जागा शोधावी लागते. अशा घरात जॅकलिनबाईंनी आणले मॉर्गनटाउन गावच्या कारखान्याचे पेले. नक्षी नाही, कोरीवकाम नाही, सोनेरी कड नाही. पातळ, नितळ, फुंकून केलेली काच आणि सरळ दांडी. कारखान्यानं या नमुन्याला नाव दिलं ‘प्रेसिडेंट्स हाउस’.

आता हे गाव का? मॉर्गनटाउन वेस्ट व्हर्जिनियात आहे. काचेला लागणारी चांगली वाळू आणि भट्टीला लागणारा नैसर्गिक वायू, दोन्ही त्या राज्यात असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे काचकारखाने वाढले. पण राज्य मुख्यतः कोळशाच्या खाणींचं, आणि खाणी यंत्रांवर गेल्यावर माणसं रिकामी झाली. मे १९६० मध्ये तिथे डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी, निवडणूक झाली. केनेडी कॅथलिक, राज्य जवळपास सगळं प्रॉटेस्टंट. हा माणूस इथे पडणार असं पुष्कळांना वाटत होतं. केनेडी जिंकले, प्रतिस्पर्धी ह्यूबर्ट हम्फ्री शर्यतीतून बाहेर पडले. त्या प्रचारात जॅकलिनबाई खाणकामगारांच्या वस्त्यांमधून फिरल्या. तिथलं दारिद्र्य भारतात पाहिलेल्या दारिद्र्यापेक्षा आपल्या मनाला जास्त लागलं, कारण ते आपल्याच देशात असेल याची कल्पना नव्हती, अशा आशयाचं त्यांनी पुढे सांगून ठेवलं आहे. व्हाइट हाउसची काच तिथूनच घ्यायची, हे त्यातून आलं. पेले फुटले तर फुटू देत, पुन्हा तिथूनच मागवू, या लोकांना मदत करायला माझ्याजवळ दुसरं काय आहे, असा त्यांचा रोख होता.

मला हे फार मोठं वाटतं. ज्या बाईंच्या टोपीची नक्कल जग करत होतं, त्यांना आपल्या पसंतीची किंमत नेमकी ठाऊक होती. त्यांनी ती एका भट्टीच्या पारड्यात टाकली. तोच नमुना दुकानांतून सर्वसामान्यांनाही विकला गेला. घरोघरच्या अमेरिकन बायकांनी तो घेतला, आणि तेवढी मागणी मॉर्गनटाउनच्या कारागिरांपर्यंत पोचली. कारखाना १९६५ मध्ये फॉस्टोरिया कंपनीकडे गेला आणि १९७१ मध्ये बंद पडला. व्हाइट हाउसच्या नावानं तो कायमचा तरला नाही, हेही खरंच आहे.

आता मालकीकडे येतो. ‘जॅकी केनेडीचा ग्लास’ म्हणून बाजारात जे येतं त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात. खुद्द व्हाइट हाउसच्या टेबलावरचे पेले ही पहिली. त्यांचा नाद सोडा. पूर्वी राष्ट्राध्यक्ष बदलले की घरातलं सामान सर्रास विकलं जायचं. १८८२ मध्ये चेस्टर आर्थर यांनी २४ गाड्या भरून सामान लिलावात काढलं. त्याच आर्थर यांनी काचकलावंत लुई टिफनी यांच्याकडून दालनात रंगीत काचेचा भलामोठा पडदा करून घेतला होता. १९०२ च्या डागडुजीत तो काढला गेला, लिलावात कवडीमोलानं गेला, मेरीलंडमधल्या एका हॉटेलात बसवला गेला आणि १९२३ च्या आगीत हॉटेलाबरोबर संपला. काचेवर प्रेम करणाऱ्या माणसाला ही हकीकत ऐकवत नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये कायदा झाला आणि व्हाइट हाउसमधल्या ऐतिहासिक वस्तू अशा परस्पर विकण्याला आळा बसला. त्यामागेही जॅकलिनबाईंचाच आग्रह होता. तेव्हा ‘हा पेला थेट व्हाइट हाउसमधून आलाय’ असं कोणी म्हणालं, तर आधी विचारायचं, तो बाहेर कसा पडला?

दुसरी गोष्ट त्यांच्या खाजगी घरांतली काच. १९९६ चा लिलाव सांगितलाच. फेब्रुवारी २००५ मध्ये सदबीजनं केनेडी कुटुंबाच्या वेगवेगळ्या घरांतल्या वस्तूंचा आणखी एक लिलाव केला, त्यात रोजच्या वापरातलं घरगुती सामान पुष्कळ होतं. इथे मालकी खरी असते आणि सिद्धही करता येते: छापील कॅटलॉग, त्यातला लॉट नंबर, म्हणजे लिलावातला त्या वस्तूचा क्रमांक, खरेदीची पावती, आणि त्यानंतर ती वस्तू ज्या ज्या हातांतून गेली त्यांची कागदपत्रं. यातला एक दुवा निखळला की किंमत झपाट्यानं उतरते, आणि ते योग्यच आहे. मार्च १९९८ मध्ये गर्न्सीज या लिलावगृहानं केनेडींच्या वस्तूंचा मोठा लिलाव काढला. त्यातला पुष्कळसा माल अध्यक्षांच्या सचिव एव्हलिन लिंकन यांच्याकडून आलेला होता. वस्तूंच्या अस्सलपणाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी केनेडींच्या मुलांनी जाहीर हरकत घेतली, की यातल्या काही गोष्टी लिंकनबाईंकडे असायलाच नको होत्या. अस्सलपणा आणि हक्क हे दोन निराळे प्रश्न आहेत. जवळच्या माणसाकडून आलंय, या एका वाक्यावर दुसरा प्रश्न सुटत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे नमुना. दुकानातून कुणा अनामिक बाईनं घेतलेला प्रेसिडेंट्स हाउसचा पेला. बाजारात येणारे जवळजवळ सगळे पेले हेच. अप्रामाणिक विक्रेता यांनाच वरच्या दोन गोष्टींचं रूप देतो. मला एकदा पेल्यांच्या संचाबरोबर सुरेख कागदावर टाइप केलेलं पत्र आलं होतं: ‘माजी प्रथम महिलेच्या वर्तुळातून प्राप्त.’ नाव नाही, तारीख नाही, सही नाही. असं पत्र असण्यापेक्षा पत्र नसलेलं बरं.

पेला मॉर्गनटाउनचा तरी आहे का, हे हाताळून बरंचसं कळतं. हा बघा, इथे माझ्या हातात आहे. मॉर्गनटाउनची ओळख होती ती कागदी लेबलं, काचेत उमटवलेली खूण नव्हे. लेबल गेलं की सगळी भिस्त आकारावर आणि बनावटीवर. पेल्याचं पोट उजेडासमोर धरून सावकाश फिरवा. साच्याच्या सांध्याची उभी रेघ दिसली तर तो बहुधा दाबकाचेचा, म्हणजे काच साच्यात दाबून केलेला पेला, बाजूला ठेवा. फुंकलेल्या चांगल्या पेल्यात ती नसते, आणि तरीही तो साच्यातच केलेला असतो. लोखंडी साच्याला आतून कोळशाचा लेप देतात आणि लेप पाण्यानं भिजवतात. कारागीर नळीच्या टोकावरचा तापलेला गोळा साच्यात फिरवत फिरवत फुंकतो. पाण्याची वाफ होते, वाफेचा पातळ थर काच आणि साचा यांच्यामध्ये राहतो, काच फिरत राहते, त्यामुळे रेघ उमटायला वावच मिळत नाही. मग वरचा जास्तीचा भाग तोडून काठ घासतात आणि ज्योतीवर फिरवतात. म्हणून काठाला किंचित जाडसर, गोल कड येते. नखानं चाचपली की कळते.

नंतर बुडाकडे बघा. भिंग घ्या. साठ वर्षं टेबलावर ठेवला-उचललेला पेला असेल तर बुडाच्या टेकणाऱ्या कडेवर बारीक चरे असतात, कुठेही, कसेही, लहानमोठे. पॉलिश पेपरनं घासून जुना केलेला असेल तर चरे एकाच दिशेनं, शिस्तीत आलेले दिसतात. अजिबात चरे नसतील तर तो कपाटात राहिलेला असू शकतो. तेवढ्यावरून नाकारू नका. काचेवर धुरकट सावट दिसलं तर विचारा, डिशवॉशरमध्ये धुतलाय का? पाण्याच्या क्षारांचा डाग व्हिनेगरनं निघतो. डिशवॉशरनं खाल्लेली काच मात्र पुन्हा नितळ होत नाही.

मला कुणी विचारतं, मग हा तिसऱ्या प्रकारचा, नावाशी नुसतं दूरचं नातं असलेला पेला जमवायचा कशाला? माझं म्हणणं उलट आहे. सदबीजच्या लॉटमधला पेला मिळाला तर जरूर घ्या, पण त्यात जॅकलिनबाईंनी तो वापरला एवढीच गोष्ट येते. दुकानातून विकल्या गेलेल्या साध्या पेल्यात त्यांनी काय केलं ती गोष्ट येते.  तिथली भट्टी पेटती राहावी, हाच तर त्या निवडीचा हेतू होता. अनामिक गृहिणीनं दुकानातून उचललेला पेला हा त्या हेतूचा जिता पुरावा आहे. आणि तो ज्यानं फुंकला त्याचं नाव कुठल्याच कॅटलॉगात नाही, म्हणून तर संग्राहकानं मॉर्गनटाउनचं नाव आवर्जून पुढे लिहावं आणि जॅकीचं मागे.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. टिळकांच्या पाठिंब्यानं अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी घरोघरी एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचकारखाना निघाला. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना आला, ज्याचे प्रभाकर कंदील आपल्या आजोबांच्या पडवीत टांगलेले असत. त्या काळी लोकांनी ही काच विकत घेतली ती फक्त दिसायला बरी म्हणून नाही, स्वदेशी म्हणूनही. तळेगावची बरणी किंवा ओगल्यांची कंदिलाची काच आज कुणाच्या घरी निघाली तर ती भंगारात जाते. ती जमवणारी माणसं आपल्यात हवीत, आणि आज इथे बसलेल्यांपैकी काहींनी ती सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी कामाचं. वस्तू घेतली त्याच दिवशी एक चिठ्ठी लिहा: कोणाकडून, कधी, किती रुपयांना, विक्रेता तोंडी काय म्हणाला, आणि त्यातलं काय कागदावर आहे. पेन्सिलनं लिहा, आम्लमुक्त कागदावर. चिठ्ठी पेल्यात कोंबू नका, काचेला चिकटवू तर मुळीच नका. फोटोसह वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि चिठ्ठी व फोटो दोन्हींवर एकच क्रमांक घाला. मूळ कागदी लेबल शिल्लक असेल तर तो पेला पाण्यात बुडवायचा नाही; ओलसर मऊ कापडानं लेबल सोडून बाकीचा भाग पुसायचा. पेले एकात एक रचू नका, काठावर पालथे घालू नका, कारण सगळा भार त्या पातळ कडेवर येतो. आता प्रश्न घेऊ या.